दुपारचा आकडा

अ‍ॅम्प जेवणाच्या टेबलावर ठेवताना ती एवढंच म्हणाली, “काका, एक व्हॉल्व्ह गेलाय बहुतेक. बघून ठेवा, घाई नाहीये.” चहा टाकू का विचारलं, तर क्लासला उशीर होतोय म्हणून दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाली. वरच्या मजल्यावरची मुलगी. फ्रॉकात असल्यापासून बघतोय तिला. आता इलेक्ट्रिक गिटार वाजवते, कॉलेजातल्या चौघांचा बँड आहे, आणि इंग्लिश धाटणीचा हा पन्नास वॉटचा जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प तिने शिकवण्यांच्या पैशातून घेतलाय. तिने तक्रार केली असती तर बरं झालं असतं. तक्रारीला उत्तर देता येतं. जनरेटरवर ढकलता येतं, हॉलवाल्यावर ढकलता येतं, हल्लीचा मालच तसला म्हणता येतं. ‘घाई नाहीये’ला काय म्हणणार? आतून बायको म्हणाली, “ते धूड टेबलावरून उचल, ताटं घ्यायचीत.” उचललं. वास मात्र तिथेच राहिला, वरणभाताच्या वासात मिसळून.

जेवणं उरकल्यावर मागची जाळी काढली. स्विचबोर्ड जळल्यावर जिन्यात पसरतो तसला वास. दोन ईएल३४, म्हणजे काचेचे मोठे व्हॉल्व्ह, शेजारीशेजारी उभे. एक ठणठणीत, दुसऱ्याच्या काचेला आतून तपकिरी झाक, खालच्या काळ्या बुडावर डाग. चॅसी उलटी केली तर त्याच्या स्क्रीनचा, म्हणजे आतल्या दुसऱ्या जाळीचा, रजिस्टन्स कोळसा झालेला. आणि त्या कोळशापासून चार बोटांवर कागदी टेपची एक पट्टी, मीच मे महिन्यात चिकटवलेली. तिच्यावर निळ्या बॉलपेनने, माझ्याच बँकेतल्या सुबक अक्षरात, ‘बायस ४०’. पट्टीला साधी आचही लागली नव्हती.

तो आकडा पुढे आठ दिवस माझ्याकडे बघत होता.

चाळीतला नळ ज्यांनी पाहिलाय त्यांना बायस समजायला जड जाऊ नये. व्हॉल्व्ह म्हणजे शेवटी तोटीच. आत हीटर तापतो, कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि चारशेच्या वर व्होल्ट लावलेल्या प्लेटकडे धावत सुटतात. वाटेत ग्रिडची बारीक जाळी. तिच्यावर तीस-चाळीस व्होल्टचं उणे व्होल्टेज ठेवायचं, म्हणजे तोटीवर अंगठा दाबून धरल्यासारखं. गिटारचा सिग्नल येतो तो हा अंगठा सैल-घट्ट करतो. कुणी काहीच वाजवत नसताना अंगठा किती दाबून ठेवायचा, ते ठरवणं म्हणजे बायस लावणं. फार सैल सोडला तर गाणं नसतानाही धार वाहत राहते, प्लेट तापत जाते, व्हॉल्व्ह अकाली म्हातारा होतो. फार घट्ट दाबला तर पहाटे पाणी यायच्या आधी नळ जसा खोकतो, आधी हवा, मग दोन गढूळ थेंब, मग कुठे धार, तसा सूर येतो. अशा अ‍ॅम्पमध्ये दोन व्हॉल्व्ह जोडीने काम करतात, लाटेचा वरचा अर्धा भाग एकाचा, खालचा दुसऱ्याचा. पालखीचा खांदा बदलताना क्षणभर दोघांचेही खांदे दांड्याखाली असावे लागतात. पहिला आधीच निसटला तर पालखी गचकते. बायस थंड, म्हणजे अंगठा फार घट्ट, असला की नेमकं तेच होतं. ऑसिलोस्कोपवर शून्याच्या रेषेपाशी खाच दिसते, आणि कानाला हळू वाजवलेल्या सुराभोवती पत्र्यावर वाळू सांडल्यासारखी खरखर लागते. जोरात वाजवलं की ती झाकली जाते. म्हणून बायसची खोड हळू वाजवणाऱ्यालाच आधी कळते.

मे महिन्यातल्या त्या रविवारी दुपारी तीनला मी सगळं रीतसर केलं होतं. स्पीकर जोडलेला, कारण लोडशिवाय असला अ‍ॅम्प चालवला आणि चुकून सिग्नल गेला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर गमवायची वेळ येते. पायाखाली पूजेतला जुना पाट, पायात रबरी चप्पल, डावा हात पँटच्या खिशात. चारशे व्होल्ट एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून बाहेर पडायला निघाले तर वाटेत काळीज लागतं, म्हणून एक हात कायम खिशात, ही मामाची शिकवण. अ‍ॅम्प बंद केल्यावरसुद्धा मोठे कंडेन्सर चार्ज धरून बसतात, ते रजिस्टन्स लावून उतरवल्याशिवाय आत बोट घालायचं नाही, हीसुद्धा त्याचीच. कॅथोड आणि अर्थ यांच्यामध्ये मी एक ओहमचे रजिस्टन्स आधीच डाख देऊन बसवून ठेवले होते. एक ओहमचा फायदा असा की गणित करावं लागत नाही. मीटरवर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. रजिस्टन्स मात्र आधी मोजून घ्यावा. आणि मोजताना मीटरच्या वायरी एकमेकींना टेकवून बघावं, कारण जुन्या वायरीच कधी पाव-अर्धा ओहम खातात. कुणी आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या अर्ध्या वेढ्यांवर किती व्होल्ट पडतात ते मोजून करंट काढतात. कुणी धाडसी लोक तिथेच थेट मिलिअँपिअरवर मीटर लावतात. मला ते जमत नाही, चारशे व्होल्टपाशी मीटरची टोकं निसटली तर पुढची चाचणी दुसरं कुणीतरी करतं.

प्लेटवर ४३० व्होल्ट आले. ईएल३४च्या प्लेटची झेप पंचवीस वॉटची, तिच्या सत्तर टक्के म्हणजे साडेसतरा, भागिले ४३०, चाळीसच्या आसपास मिलिअँपिअर. कॅथोडवर जे दिसतं त्यात स्क्रीनचेही चारपाच असतात, ते वजा करायचे. बारीक स्क्रूड्रायव्हरने प्रीसेट, म्हणजे उणे व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्क्रू, फिरवत गेलो. एका व्हॉल्व्हवर ४४, दुसऱ्यावर ४९. स्क्रीनचे काढले की ३९ आणि ४४. दोघांना मिळून प्रीसेट एकच, त्यामुळे एकाला वर काढलं की दुसराही चढतो. मी काय केलं? सरासरी काढली. तीस वर्षं बँकेत लेजर जुळवलेल्या माणसाने दुसरं काय करावं! चाळीसच्या जवळपास आली, टेप फाडली, लिहिलं, चिकटवलं. मग तिने वाजवून पाहिलं, डोळे मिटून. आमच्या इमारतीत त्या वेळी प्रत्येक खिडकीतून एसीचं पाणी ठिबकत होतं. आंब्याचे दिवस, टेबलावर सालींचा ढीग. सूर असा काही गोल, साजूक येत होता की मी स्वतःवरच खूश झालो.

भिंतीतल्या प्लगवर मीटर लावून बघायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

अंधेरीच्या हॉलमध्ये त्यांच्या कार्यक्रमात काय झालं ते तिने नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. तिसऱ्या गाण्यात ड्रमवाल्याने पाहिलं. तो मागे बसतो, त्यामुळे अ‍ॅम्पची पाठ त्याच्याच तोंडासमोर. त्याला वाटलं, आत लाल दिवा बसवून घेतलाय, हौसेचा. एक व्हॉल्व्ह मधोमध लाल झाला होता, काळ्या पत्र्याच्या पोटात निखारा ठेवल्यासारखा. गाणं संपेपर्यंत त्याने कुणाला काही सांगितलंच नाही, दिसायला बरं दिसत होतं म्हणे. मग वास आला, मग तिने स्टँडबाय ओढला आणि उरलेली गाणी कुणाच्यातरी ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर उरकली. मी हॉलच्या वायरमनचा नंबर मिळवून फोन केला. जनरेटर किती व्होल्टवर ठेवता? तो अभिमानाने म्हणाला, “दोनशे पंचेचाळीस साहेब, एकदम टाइट. केबल लांब असते, वाटेत पडतं म्हणून.” स्टेज जनरेटरच्या शेजारीच होतं. वाटेत काही पडलं नाही.

त्या रात्रीपासून मी आमच्या घरातल्या प्लगचा पाठलाग सुरू केला. दुपारी तीन वाजता, सगळ्यांचे एसी चालू, २१८. संध्याकाळी सातला २२४. रात्री अकराला, लोक दिवे मालवून झोपायला लागले की २३५, कधी २३८. कागदावर २३० असतं, पण ती पाहुणी. येते आणि जाते. वहीत आकडे लिहिताना बायकोने विचारलं, “आता मटका लावायला लागलास का?” लालबागेत माझ्या लहानपणी आकडा म्हटलं की ओपन काय आला आणि क्लोज काय लागला, एवढाच अर्थ होता, त्यामुळे तिचं काही चुकलं नाही.

गणित केलं तेव्हा पोटात खड्डा पडला. २१८ चे २४५ झाले म्हणजे व्होल्टेज साधारण आठव्या हिश्शाने वर. प्लेटचे ४३० ते ४८० च्या वर. मनाची समजूत काढायला एक जागा होती: ग्रिडचं उणे व्होल्टेजही त्याच ट्रान्सफॉर्मरमधून येतं, तेही त्याच प्रमाणात वाढतं, म्हणजे अंगठाही तेवढाच घट्ट होतो. होतो, पण पुरत नाही. व्हॉल्व्हच्या सगळ्या व्होल्टेजांना एकसारखं वाढवलं की करंट त्याच्या दीडाव्या घाताने वाढतो. व्होल्टेज आठव्या हिश्शाने, करंट जवळजवळ पाचव्या हिश्शाने, आणि दोघांचा गुणाकार म्हणजे वॉट, ते तिसऱ्या हिश्शाने. सरासरी व्हॉल्व्ह २३-२४ वॉटवर निभावला असता. पण सरासरी व्हॉल्व्ह नावाची वस्तू त्या अ‍ॅम्पमध्ये नव्हतीच. होता तो स्क्रीनचे काढूनही ४४ खेचणारा, जो आमच्या टेबलावरच सत्तरच्या पुढे गेला होता. तो पंचवीसच्या वर गेला, आणि तापत राहिला, आणि त्याच्याकडे कौतुकाने बघणारा एक ड्रमवाला होता.

मामाच्या हातून हे झालं नसतं, असं मी बायकोला सांगत होतो, आणि सांगतासांगता गप्प झालो.

मामाचा लाऊडस्पीकरचा धंदा होता, लालबागेत. खोली दहा बाय बाराची, त्यात मामी, दोन मुलं, आणि पलंगाखाली कर्णे, माळ्यावर कर्णे, दाराबाहेर साखळीने बांधलेले कर्णे. लग्न, सत्यनारायण, युनियनची सभा, आणि गणपतीचे दहा दिवस म्हणजे सुगी. अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचे, राखाडी पत्र्याचे, दोन माणसांनी उचलायचे. मामाच्या तोंडात बायस हा शब्द मी ऐकला नाही. तो म्हणायचा ‘मायनस’. “मायनस आहे का बघ आधी.” ते उणे व्होल्टेज तयार करणारा छोटा कंडेन्सर वाळला की अंगठा निसटला, मग व्हॉल्व्ह गेला म्हणून समजा, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. तपासायची पद्धत अशी, की खोलीतला दिवा घालवायचा, दार लावायचं, मामीला रॉकेलचा स्टोव्हही विझवायला लावायचा आणि काळोखात पाच मिनिटं व्हॉल्व्हकडे बघत बसायचं. हीटरची केशरी वात दिसली पाहिजे. काचेवर निळसर झाक आली तर घाबरायचं नाही, चांगल्या व्हॉल्व्हलाही येते. पण प्लेटवर, शिवणीपाशी, लाल टिपका उमटला तर लगेच बंद. मामी कुरकुरायची, “तुमचं गर्भसंस्कार झालं असेल तर भाकरी टाकू का?” आजही सांगतो, लाल प्लेट बघायला भरदिवसा कितीही चांगला मीटर आणा, काळोखाची सर नाही. फरक एवढाच की लाल दिसेपर्यंत बऱ्यापैकी उशीर झालेला असतो.

पण मामाचं खरं लक्ष व्हॉल्व्हवर नसायचंच. त्याचं लक्ष डिमरस्टॅटवर, म्हणजे मूठ फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायच्या यंत्रावर. भलामोठा, तांब्याच्या वेढ्यांचा, वर काळी मूठ, शेजारी काट्याचा व्होल्टमीटर. त्या व्होल्टमीटरच्या काचेवर २२० च्या ठिकाणी मामीच्या नेलपॉलिशचा गुलाबी टिपका होता. मामीकडे नेलपॉलिशची ती एकच बाटली, कुठल्याशा लग्नात मिळालेली, आणि त्यातलं निम्मं मामाने मीटरला लावलं म्हणून वर्षभर भांडण. मंडपाची रोषणाई लागली की काटा धाडकन २००च्या खाली, आरती झाली आणि रोषणाई मालवली की एकदम वर. मामा रात्रभर मूठ धरून बसायचा. काटा टिपक्यावर ठेवायचा, बाकी व्हॉल्व्ह आपलं आपण बघून घेतात, असा त्याचा हिशेब. दहा वाजता आवाज बंद करायचा नियम तेव्हा नव्हता, त्यामुळे ही बैठक पहाटेपर्यंत चालायची.

एका वर्षी, मी सहावीत असेन, मूठ त्याने माझ्या हातात दिली. काटा टिपक्याच्या वर गेला की डावीकडे, खाली गेला की उजवीकडे. पहिल्या रात्री मला राजा झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या रात्रीही. पाचव्या रात्री, गौरीजेवणाच्या दिवशी, घावन-घाटलं पोटभर खाऊन मी बसलो, आणि जाग आली ती कुणीतरी ओरडल्यामुळे. रोषणाई मालवली होती, काटा कुठल्याकुठे गेला होता आणि कर्ण्यांमधून नुसती घरघर येत होती. मामाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसरा अ‍ॅम्प्लिफायर जोडला, रेकॉर्ड पहिल्यापासून लावली. सकाळी मला मिसळ खायला घातली, मग बसमधून लॅमिंग्टन रोडला नेलं, व्हॉल्व्ह घेतला. सबंध रस्ताभर गिरणीतल्या कुणाच्या तरी बढतीबद्दल बोलत होता. मला वाटलं, सुटलो. पुढच्या गणपतीत मी आपला ऐटीत डिमरस्टॅटपाशी गेलो तर तिथे माझा मावसभाऊ बसला होता. मामा म्हणाला, “तू प्रसाद वाटायला बस, तुझं गोड बोलणं आहे.”

१९८२ च्या संपानंतर लालबागेतल्या सुपाऱ्या आटत गेल्या, मामाचं सामान एकेक करून गेलं. डिमरस्टॅट तांब्याच्या भावाने, वजनावर. नेलपॉलिशचा मीटर त्याच्यासोबतच गेला असणार, कुणी सुटा करून ठेवला नाही.

तर ‘घाई नाहीये’ म्हणजे काय, ते मला नीट ठाऊक आहे.

बुधवारी ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडला आता मोबाइलचे सुटे भाग, सीसीटीव्ही, एलईडीच्या पट्ट्या. व्हॉल्व्ह विचारला की निम्मी दुकानं पाण्याच्या व्हॉल्व्हसाठी हार्डवेअरच्या गल्लीत पाठवतात. बीईएलचे व्हॉल्व्ह बंगळुरूहून यायचे तो काळ मी पाहिलाय, रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या काउंटरवर खोक्यांच्या चळती असायच्या. आता नवे येतात ते स्लोव्हाकिया, रशिया नाहीतर चीनमधून. पोटमाळ्यावरच्या एका ओळखीच्या दुकानात शिडी चढून गेलो. मुलगा बसतो हल्ली गल्ल्यावर. मी सुटा एक मागितला. तो म्हणाला, “सिंगल नहीं मिलेगा अंकल, जोडी लेना पडेगा.” बरोबरच आहे त्याचं. एकाच उणे व्होल्टेजवर दोघे सारखाच करंट खेचतात का, ते बघून जोड्या लावलेल्या असतात, त्या फोडल्या तर उरलेला कोण घेणार? उरलेले मी घेतो. माझ्याकडे बुटाच्या खोक्यात असे अकरा विधुर आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. घरी येऊन मला हुक्की आली, सगळे एकामागून एक एकाच सॉकेटमध्ये, एकाच उणे अडतीस व्होल्टवर लावून बघितले. कुणी २९, कुणी ३३, एक महाभाग ४७. एकाचा आकडा नाचत होता, तेव्हा लक्षात आलं की दोष त्याचा नाही, सॉकेटच्या पिनांवर कळंक चढलाय. आमच्या दादरला समुद्र इतका जवळ आहे की पितळेचं काहीही चार पावसाळ्यांत हिरवं होतं. पिना घासल्या, तर काटा स्थिरावला.

नवी जोडी घालण्याआधी जळका रजिस्टन्स बदलला, कपलिंग कंडेन्सर गळत नाहीत ना ते पाहिलं (तो गळला की आधीच्या टप्प्यातलं अधिक व्होल्टेज ग्रिडवर झिरपतं आणि मायनस खाऊन टाकतं, लाल प्लेटचं हे दुसरं नेहमीचं कारण), उणे व्होल्टेजवाला कंडेन्सरही नवा घातला. मग सीरिज बोर्डावर साठचा बल्ब लावून पहिल्यांदा चालू केलं. बल्ब भगभगून मंदावला, म्हणजे आत शॉर्ट नाही. बायस लावायला मात्र रात्री अकरापर्यंत थांबलो. प्लगवर २३८, प्लेटवर ४७० च्या आसपास. या खेपेला सत्तर टक्क्यांच्या मागे लागलो नाही. सत्तरचा आकडा पाठ केलेली पोरं हल्ली खूप भेटतात. तो या जातीच्या अ‍ॅम्पमध्ये जायची वरची हद्द म्हणून ठीक आहे, पण तिथे जाऊन बसलंच पाहिजे असं कुठे आहे? साठवर आलो, म्हणजे पंधरा वॉट, ३२ मिलिअँपिअर, मीटरवर ३६ आणि ३७. अर्धा तास तापू दिलं, पुन्हा पाहिलं, ३७ आणि ३८. प्रीसेट केसभर मागे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वाजवायला आली. एसी चालू, प्लगवर २१९. तिने दोन-चार हळू सूर छेडले, मान वाकडी केली, पुन्हा छेडले. “काका, जरा कोरडा वाटतोय का? मेमध्ये कसा मस्त आला होता.” आला होता खरा. मी तिला प्लगमधला मीटर दाखवला, वही दाखवली, दुपारी धार बारीक आणि रात्री मोठी का होते ते सांगितलं. छोट्या अ‍ॅम्पमध्ये कॅथोडलाच रजिस्टन्स असतो, करंट वाढला की तो आपोआप लगाम खेचतो, तसली सोय या तुझ्या घोड्याला नाही, असंही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मेमधला आवाज परत हवा असेल तर?” रात्री वाजव, म्हणालो. ती हसली. माझं उत्तर बरोबर होतं, पण तिला हवं ते नव्हतं, आणि दोघांनाही ते कळलं. खरं सांगायचं तर मलाही तो मेमधला सूर आवडला होता. ४४वाला व्हॉल्व्ह स्वतःला जाळून घेत होता म्हणून तो तसा येत होता, हे कळल्यावरही आवडतो.

जुनी पट्टी काढली. नवीवर लिहायला बसलो: प्लग २३८, रात्री ११, प्लेट ४७०, डावा ३६, उजवा ३७, स्क्रीनसकट, जून. पट्टी पुरेना. दुसरी जोडली, ती ट्रान्सफॉर्मरच्या कडेवरून वळवून घ्यावी लागली. ती म्हणाली, “काका, पत्रिका मांडलीत.”

जुलैत पार्ल्याला त्यांचा कार्यक्रम होता, शाळेच्या एका हॉलमध्ये. तिने बोलावलं नव्हतं, मीच म्हटलं येतो. पिशवीत मीटर, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, नॅपकिनमध्ये गुंडाळलेला सुटा व्हॉल्व्ह. पाऊस असा की हॉलमध्ये लोकांपेक्षा छत्र्या जास्त. पडद्यामागे जाऊन आधी प्लग पाहिला, २३६. स्टेजचे दिवे लागले, २२९. पंखे चालू झाले, २२७. मी तिच्या अ‍ॅम्पच्या मागे, ड्रमवाल्याच्या उजव्या हाताला, एका घडीच्या खुर्चीवर बसलो. ऐंशीच्या दशकात धोबीतलावला रंगभवनात रॉकचे कार्यक्रम व्हायचे, तेव्हाही मी असाच बाजूला जाऊन मागून अ‍ॅम्प बघत उभा राहायचो, आणि मित्र वैतागून म्हणायचे, अरे पुढे ये, तिकडे काय आहे? दिवे मंद झाले. केशरी वाती दिसायला लागल्या, जोरात वाजलं की काचेवर निळी झाक थरथरायची आणि पुन्हा निवायची. प्लेटा काळ्या. गाणं संपलं, टाळ्या, पुढचं गाणं. मी शिवणीवरून डोळे हलवले नाहीत. मध्येच कुणीतरी हॉलमधले मोठे दिवे घालवले, मीटर वर सरकला, २३१, आणि माझा डावा हात आपोआप हवेत मूठ धरून डावीकडे वळला. ड्रमवाल्याने ते पाहिलं. काठ्या फिरवताफिरवता त्याने माझ्याकडे बघून मान डोलावली. त्याला वाटलं असणार, काकांना ठेका आवडला.

संपल्यावर ती घामाघूम होऊन मागे आली, केबल गुंडाळता गुंडाळता म्हणाली, “शेवटचं नवीन होतं. पहिल्यांदाच वाजवलं. कसं वाटलं?”

“दोनशे एकतीस,” मी म्हणालो.

ती हसत सुटली, मग बाकीच्यांना सांगायला गेली. परतताना टॅक्सीत, मांडीवर पिशवी घेऊन, मी ते शेवटचं गाणं आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. माहीमपर्यंत काही आठवलं नाही.